बदलायच्या सवयींचा तक्ता

४ मार्च

मॅडमनी सांगितलं, रोज लिहा. मी विचारलं, काय लिहू? म्हणाल्या, मनात येईल ते. मी म्हटलं, मनात काही येत नाही. तर म्हणाल्या, मग तेच लिहा. म्हणून लिहितो: मनात काही येत नाही.

पान फारच रिकामं दिसतंय, म्हणून थोडी माहिती. मी लिफ्ट दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षं झाली. वय चोपन्न. मागच्या गुरुवारी ड्युटी संपल्यावर मी एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये बादली उपडी घालून बसलो होतो. तीन तास बसलो होतो असं साहेबांचं म्हणणं आहे. मला अडीच वाटतात. साहेबांना वाटलं, याचं डोकं फिरलं. त्यांनी मला कंपनीच्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. नाही म्हटलं असतं तर सक्तीची रजा देणार होते, आणि रजा घेऊन घरी करू काय.

घरी सध्या कुणी नाही. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. बायको गेले नऊ दिवस तिच्या ताईंकडे आहे. का, ते मॅडमनी खोदून खोदून विचारलं. त्यांना सांगितलं तेवढंच इथे लिहितो. तिचा रिपोर्ट आला. छातीत गाठ आहे आणि ती चांगली नाही. सव्वीस तारखेला ऑपरेशन आहे. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तिने मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं, दोनदा. मी म्हटलं, "काही होत नाही त्याने." मिक्सर बरेच दिवस आवाज करत होता, तो घेतला आणि खोलला. ती बघत बसली. बेअरिंग बाहेर येईपर्यंत बघितलं, मग उठून बॅग भरली. कुठे, असं विचारलं तर म्हणाली, ताईकडे, तिथे निदान कुणी चौकशी तरी करतं. मिक्सर अजून ओट्यावर तसाच पसरलेला आहे.

मॅडमनी एक तक्ता दिलाय. तीन रकाने. पहिल्यात जुनी सवय, दुसऱ्यात ती कशासाठी, तिसऱ्यात तिच्या जागी काय. माझ्या चार निघाल्या. गप्प बसणे, त्या जागी 'मला असं वाटतं' असं म्हणून बोलणे. वस्तू खोलणे, त्या जागी चालायला जाणे. बिस्किटांचा अख्खा पुडा, त्या जागी गाजर. मशीन रूममध्ये बसणे, त्या जागी श्वासाचा व्यायाम. मधला रकाना मी कोरा ठेवला. देखभालीचं काम मला शिकवू नये कुणी. भाग झिजला की काढायचा, नवा बसवायचा, ग्रीस लावायचं. कशासाठी हा प्रश्न येतोच कुठे?

मॅडम म्हणाल्या, मधल्याची घाई नाही. मी म्हटलं, मला तर मुळीच नाही.

६ मार्च

चालणे सुरू. रोज पाऊण तास. रस्ता नीट आखून घेतला. सिग्नल नको, चढ नको, कुत्री नकोत. असा एकच रस्ता सापडला आणि तो ताईंच्या इमारतीवरून जातो, त्याला माझा इलाज नाही. पाऊण तास भरावा म्हणून इमारतीला सात फेऱ्या घालाव्या लागतात. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं स्वयंपाकघर आहे. दिवा चालू होता.

सातव्या फेरीला रखवालदाराने कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणाकडे नाही, तब्येतीसाठी चालतोय. तो म्हणाला, मग बागेत चाला की. लोकांना दुसऱ्याच्या तब्येतीचं काही पडलेलं नसतं.

९ मार्च

श्वासाचा व्यायाम असा: चार आकडे आत, चार आकडे धरून, सहा आकडे बाहेर. आज बायकोचा फोन आला. तिने डॉक्टरांचं नाव काढलं आणि माझ्या छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं. व्यायाम अशाच वेळी करायचा असतो, म्हणून केला. चार आत, चार धरून, सहा बाहेर. चार वेळा केला. ती म्हणाली, "एवढे उसासे टाकायला मी काय मागितलंय तुमच्याकडे?" आणि फोन ठेवला.

मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, समोरचं माणूस बोलत असताना करू नका. हे आधी सांगायला हवं होतं. कुठल्याही यंत्राबरोबर सूचनांचा कागद येतो.

१० मार्च

विशेष नाही. गाजर.

१३ मार्च

आज एक बाई अडकल्या. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, हातात भाजीच्या दोन पिशव्या, लिफ्टमध्ये दिवा गेलेला. मी आणि माझा कामावरचा जोडीदार पोचलो तेव्हा त्या दार बडवत होत्या. जोडीदार वर मशीन रूममध्ये गेला, मी दाराशी बसलो. आमची वाटणी अशीच असते, त्याला बोलणं जमत नाही.

अडकलेल्या माणसाशी बोलायची एक पद्धत आहे. आधी नाव विचारायचं आणि मग प्रत्येक वाक्यात घ्यायचं. खाली बसायला सांगायचं. वर काय चाललंय ते सांगत राहायचं, म्हणजे आवाज आला की घाबरत नाहीत. आणि दोन गोष्टी कधीही बोलायच्या नाहीत. पाच मिनिटांत सोडवतो असं म्हणायचं नाही, कारण सहाव्या मिनिटाला माणूस पुन्हा दार बडवायला लागतो आणि त्यानंतर आपलं अक्षरही ऐकत नाही. आणि काही होत नाही असं म्हणायचं नाही. त्याला होतच असतं ना. मी बाईंना सांगितलं, चाळीस मिनिटं लागतील, कदाचित पन्नास, मी इथून हलणार नाही. मग आम्ही त्यांच्या सुनेबद्दल बोललो. सुनेचंच चुकतंय असं माझंही मत पडलं. त्रेचाळीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि माझा हात धरून रडल्या. असं होतं. मला सवय आहे.

गाडीत जोडीदार म्हणाला, "घरी एवढं बोलतोस का रे?" मी म्हटलं, ते वेगळं. तो म्हणाला, काय वेगळं? मी म्हटलं, मध्ये दार असतं. तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याला बोलणं जमतच नाही.

१६ मार्च

मुलीचा फोन. पंचवीसला रात्रीपर्यंत पोचतेय म्हणाली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही आईची चौकशी करता का? मी म्हटलं, रोज करतो. काय विचारता? जेवलीस का, हे विचारतो. ती म्हणाली, बाबा, ती चौकशी नाही झाली.

मग तिने सांगितलं की नुसती गाठ काढायची की अख्खी बाजूच काढायची, हे डॉक्टरांना आत गेल्यावरच कळणार आहे. आईने सांगितलं नाही का तुम्हाला? मी म्हटलं, सांगितलं असेल. ती म्हणाली, असेल म्हणजे काय? मी म्हटलं, इथे आवाज नीट येत नाहीये. आवाज अगदी नीट येत होता.

सगळं लिहायचं असं ठरलंय म्हणून लिहितो. फोन ठेवल्यावर एक किलो गाजरं खाल्ली. त्यानंतर बिस्किटांचा पुडा खाल्ला. त्यानंतर इस्त्री खोलली. इस्त्री चांगली चालत होती.

१८ मार्च

मॅडमकडे दुसरी खेप. त्यांनी विचारलं, मधला रकाना? मी म्हटलं, तक्ता घरी राहिला. तक्ता खिशात होता.

त्यांनी वाक्यांचा सराव करून घेतला. 'मला असं वाटतं' यापुढे 'की तुझं चुकतंय' असं आलं तर ते धरत नाहीत. माझी पहिली पाच वाक्यं धरली नाहीत. सहाव्याला त्या म्हणाल्या, हे जमलं, हेच तिला सांगा. वाक्य असं होतं: तू घरात नसलीस की मला रिकामं वाटतं.

१९ मार्च

वाक्याचा सराव दिवसभर केला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून केला, तिथे कुणी ऐकत नाही आणि आवाज घुमतो. साडेसहाला फोन लावला. "हॅलो" ऐकलं आणि पुढचं मागचं न बघता एका दमात म्हणून टाकलं, "तू घरात नसलीस की मला रिकामं वाटतं." पलीकडून ताईंचा आवाज आला, "थांबा हं, देते तिला."

दोघी बहिणींचा आवाज पहिल्यापासून सारखा आहे. लग्न ठरलं तेव्हाही हा घोटाळा झाला होता. मी फोन कट केला.

आता त्या घरात पाऊल कसं टाकायचं?

२० मार्च

सकाळी बायकोचा निरोप आला, फोनवर लिहून. "ताई विचारतेय की तिने राहायला यायचंय का." खाली वेगळी ओळ, "जेवलात का?"

पहिली ओळ मी अकरा वेळा वाचली. थट्टा आहे असं वाटतंय. चोवीस दिवसांत तिने केलेली ही पहिली थट्टा.

मिक्सर जोडला. मी काय बिघडवलं होतं कोण जाणे, आता मुळीच आवाज करत नाही.

२१ मार्च

ताईंकडे गेलो. मिक्सर पिशवीत घालून नेला, तो दाखवावा म्हणून. रखवालदार म्हणाला, आज आत जाताय होय. मी लक्ष दिलं नाही. ताईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघून ओठ दाबले आणि मला शेजारी काम आहे म्हणून निघून गेल्या.

बायको खिडकीपाशी बसली होती. बारीक झालीय. मी मिक्सर लावून दाखवला. ती म्हणाली, छान. मी म्हटलं, आवाज गेला पूर्ण. ती म्हणाली, ऐकू येतंय. मग म्हणाली, एक विचारू? खरं सांगा. आणि विचारलं:

"लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तुम्ही कधी सांगता का, की काही होत नाही म्हणून?"

"नाही."

"का?"

"खोटं ठरलं तर तो पुढचं काही ऐकत नाही."

"मग मला कसं सांगितलंत?"

मॅडमनी शिकवलेली सगळी वाक्यं माझ्याकडे होती. एकही वर येईना. चार आत घेतले, पण समोरचं माणूस बोलत असताना करायचं नाही हे आठवून मध्येच सोडले. त्यामुळे ठसका लागला. तिने पाणी दिलं. तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. ताईंची बेल मी आलो तेव्हा वाजली नव्हती. मी म्हटलं, बेल बंद आहे वाटतं. मी बेल उघडली. एक तार सुटली होती, दोन मिनिटांचं काम. मागे वळून बघितलं तर ती हसत होती, पण ते हसणं मला आवडलं नाही.

ती म्हणाली, "ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही येऊ नका. पोरगी आहे, ताई आहे. तुम्ही याल आणि तिथला पंखा दुरुस्त करत बसाल. मला ते बघवणार नाही."

मी बरं म्हटलं. मिक्सर तिथेच विसरून आलो.

२२ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. मी कुणाचं वाईट केलेलं नाही. बेल दुरुस्त केली.

२३ मार्च

ड्युटी संपल्यावर मशीन रूममध्ये गेलो. बादली उपडी घातली, बसलो. हा तक्त्याचा भंग आहे, नोंद असावी. थोड्या वेळाने जोडीदार वर आला. त्याने दुसरी बादली शोधली आणि शेजारी बसला. मला वाटलं, समजावणार. तो अर्धा तास नुसता बसला. मग म्हणाला, मागच्या वर्षी त्या जुन्या इमारतीत आपण ब्रेकची पट्टी काढली होती, आठवतं? आठवत होतं. झिजलेली दिसली म्हणून काढली आणि लिफ्ट इंचभर खाली बसली. ती एवढीशी पट्टी किती वजन धरून होती, ते काढेपर्यंत कळलं नव्हतं. आम्ही दोघंही त्या दिवशी चांगलेच चरकलो होतो.

मी म्हटलं, ही गोष्ट आता कशाला? तो म्हणाला, सहज. कपडे झटकून निघून गेला.

तक्ता खिशात होताच. बाहेर काढून मधला रकाना बघत बसलो. गप्प बसणे, कशासाठी. वस्तू खोलणे, कशासाठी. पेन काढला. पहिल्या ओळीत लिहिलं: भीती. दुसऱ्या ओळीत: भीती. तिसऱ्या ओळीत: वरीलप्रमाणे. चौथ्या ओळीत: वरीलप्रमाणे. लिहून झाल्यावर तक्ता घडी करून परत खिशात ठेवला.

कसली भीती हे विचारायला रकाना नाही. इथे लिहितो. ती मरेल याची. ती मेली तर मी त्या घरात काय करणार, याची. आणि हे तिच्यासमोर बोललो तर ती धीर सोडेल, याची. लग्न झाल्यापासून मी तिला घाबरलेला दिसलेलो नाही. तिला ते बघायचंय की नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

आज बिस्किटं खाल्ली नाहीत. गाजरही नाही.

२५ मार्च

दुपारी तिला दाखल केलं. ताईंचा फोन आला. म्हणाल्या, ती या म्हणत नाहीये, पण मी म्हणतेय. भेटायची वेळ चार ते सहा होती. हत्यारांची बॅग ऑफिसात ठेवली. दवाखान्याच्या फाटकाशी खिशात एक टेस्टर सापडला, तोही तिथल्या माणसाकडे दिला. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर झटका देत होती. मी जिन्याने गेलो.

ती पलंगावर बसली होती, दवाखान्याचा हिरवा झगा घालून. आलात, एवढंच म्हणाली. ताई पाणी आणते म्हणून बाहेर गेल्या. मी उभाच होतो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण सुरुवात करणार तोच नर्स आली, हातात कागद घेऊन. त्यांच्याकडे पद्धत अशी आहे की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला आणि नातेवाइकाला वेगवेगळं विचारतात आणि दोन्ही उत्तरं जुळली की मगच सही घेतात. मला ही पद्धत पटली. दोघांनी खात्री केल्याशिवाय आम्हीही लिफ्टखाली उतरत नाही.

नर्सने पेशंटचं नाव विचारलं. सांगितलं. नातं विचारलं. सांगितलं. ऑपरेशन कशाचं? सांगितलं. मग विचारलं, "कुठली बाजू?"

मी गप्प.

नर्सला वाटलं मला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं, "बाजू कुठली? डावी की उजवी?" बायको काही बोलणार असं वाटून नर्सने हाताने तिला थांबवलं, तुम्ही नाही सांगायचं, यांना सांगू दे. पण बायको बोलणार नव्हतीच. ती माझ्याकडे बघत होती.

तिने मला समोर बसवून दोनदा सांगितलं होतं. त्याला महिना झाला. मला माहीत नव्हतं. डावी की उजवी, अंदाजानेही सांगता येईना. मी नर्सला म्हटलं, मला माहीत नाही. नर्सने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि नंतर येते म्हणून गेली.

बायकोने मान वळवली. तेव्हा मी बोललो. ठरवलेलं काही नव्हतं त्यात. मी म्हटलं, "मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती गाठ खरी झाली असती. तू सांगत होतीस तेव्हा मी मनातल्या मनात मिक्सरचे स्क्रू मोजत होतो, मुद्दाम. मला भीती वाटते. तू जाशील अशी भीती वाटते. रिपोर्ट आला त्या दिवसापासून मला दुसरं काहीही वाटलेलं नाही."

बाहेर कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता ही मला जा म्हणणार. तिने माझा हात धरला. माझ्या हाताला ग्रीसचा वास येतो, कितीही धुतला तरी. तो हात तिने झग्याच्या आत घेतला आणि डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे ठेवला.

"ही," ती म्हणाली. "दाबू नका. नुसता ठेवा."

वाटाण्याएवढी आहे. कडक आहे. मी हात ठेवला. मग ती रडायला लागली. रिपोर्ट आल्यापासून ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती, आणि ती धीराची आहे असं मी समजत होतो. मलाही भीती वाटते हो, असं ती म्हणत होती, तेच तेच, आणि मी हो म्हणत होतो. दुसरं काही सुचलं नाही. मीही रडलो, त्याची नोंद असावी. ताई पाणी घेऊन दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

सहा वाजता भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. तोवर नर्स पुन्हा येऊन गेली होती. मी सांगितलं, डावी. सही केली.

निघताना मी तिला विचारलं, उद्या येऊ का? तिने नाक पुसलं, उशी सारखी केली. म्हणाली, सातला आत नेणार आहेत, साडेसहाला या.

मी पाचलाच जाणार आहे.